बाळ धरून किती?

परवा रात्री जेवताना लेकीने अचानक विचारलं, "आई, मी २०११ च्या जनगणनेत आहे का गं?"

शाळेचं काहीतरी प्रोजेक्ट होतं. भारत, महाराष्ट्र, पिंपरी-चिंचवड अशा लोकसंख्येचा तक्ता करायचा होता. तक्ता काय, पाच मिनिटांत झाला. पण बाईसाहेबांचा जन्म फेब्रुवारी २०११ चा आणि त्या जनगणनेत माणसं मोजायची फेरी होती ९ ते २८ फेब्रुवारीची. म्हणजे मोजणी अगदी भरात असताना या टपकल्या!

"असणारच की," मी म्हटलं.

"कशावरून?"

झाली का पंचाईत! सासूबाई टेबलावरच होत्या. त्या म्हणाल्या, "आपल्याकडे निगडीला बाई आल्या होत्या मोजायला. मी स्पष्ट सांगितलं, सून माहेरी गेलीय बाळंतपणाला. तिकडे मोजतील." आणि ते बरोबरच होतं. मोजणीच्या सगळ्या दिवसांत माणूस घरी नसेल, तर तो जिथे असेल तिथे मोजायचा, असाच नियम होता.

मग ओतूरला माझ्या आईला फोन लावला. स्पीकरवर.

"मास्तर आले होते ना. मी म्हटलं, आम्ही दोघं आणि लेक आलीय."

"आणि बाळ?"

"अगं, बारसं कुठे झालं होतं तेव्हा? नावच नव्हतं, तर लिहिणार काय ते?"

मागून बाबांचा आवाज, "मी सांगितलं होतं बाळाचं!" त्यावर आई, "तुम्ही कुठे होतात घरी? नारायणगावला गेला होतात औषधं आणायला." पुढची दहा मिनिटं जे झालं ते तुम्ही आपापल्या आईवडिलांवरून ओळखा.

नियम सांगायचा तर बाळाला नाव असो-नसो, ते मोजायचंच असतं. वय एक वर्षाच्या आत असेल तर वयाच्या रकान्यात शून्य लिहायचं, पण ओळ स्वतंत्र. शिवाय १ ते ५ मार्चला पुन्हा एक फेरी असते. १ मार्चच्या मध्यरात्रीच्या ठोक्याआधी घरात कुणी जन्मलं किंवा कुणी गेलं तर दुरुस्ती करायला. म्हणजे मास्तरांनी नंतर येऊन ओळ भरलीही असेल. किंवा नसेलही.

"मग बघू या ना ऑनलाइन," इति कन्या. तेही नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याप्रमाणे तुमच्या घराचा भरलेला कागद कुणालाही बघता येत नाही. कोर्टातही पुरावा म्हणून चालत नाही. गुप्ततेसाठी हे हवंच. पण त्यामुळे माझी मुलगी त्या आकड्यात आहे की नाही, हे आम्हाला कधीच कळणार नाही.

"मी तर आहे ना इथे," असं म्हणून तिने तक्त्यात पिंपरी-चिंचवडसमोर आकडा लिहिला, १७,२७,६९२. मी मात्र त्या शेवटच्या दोनाकडे बघत बसले. तो दोन आहे की तीन हवा होता?

बोल्ट मोजतो आपण

मी चाकणला एका ऑटो-कम्पोनंट कंपनीत एचआरला आहे. तुमच्यातले निम्मे लोक सकाळी कंपनीच्या बसमध्ये तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमध्ये माझ्या आगेमागेच अडकलेले असतात, त्यामुळे वेगळं सांगायला नको. या पट्ट्यात आपण काय मोजत नाही? बिनमध्ये किती बोल्ट उरले, शिफ्टला किती पार्ट रिजेक्ट झाले, कुठल्या मशिनला किती सेकंद लागले. ३१ मार्चच्या स्टॉक-टेकिंगला तर वॉशरसुद्धा मोजले जातात. एक बॉक्स जुळला नाही तर स्टोअरचा माणूस घरी जात नाही.

आणि माणसांचं? मागे काँट्रॅक्टवरच्या कामगारांचे कुटुंबाच्या माहितीचे फॉर्म भरून घेत होतो. एक परभणीकडचा दादा समोर बसला होता. नाणेकरवाडीत खोली करून राहणारा.

"मुलं किती?"

"एक, मॅडम."

एक लिहिलं. महिनाभराने आम्ही कामगारांच्या घरच्यांसाठी हेल्थ कॅम्प घेतला, तर हा गडी तीन लेकरं घेऊन हजर! मोठी मुलगी सात-आठ वर्षांची, मधला मुलगा आणि बायकोच्या कडेवर तान्ही. मी म्हटलं, "दादा, तुम्ही तर एकच सांगितलं होतं." तो अगदी सरळपणे म्हणाला, "एकच आहे की मॅडम. पोरी दोन आहेत."

बघा! आपण पुस्तकी मराठीत "मुलं" म्हणतो तेव्हा मुलगे-मुली सगळे येतात. त्याच्या बोलीत मुलं म्हणजे मुलगे. तो खोटं बोलला नव्हता, मीच प्रश्न चुकीचा विचारला होता. आणि माझ्या एक्सेल शीटवरून दोन मुली गायब झाल्या होत्या, कुणाचाही काही वाईट हेतू नसताना.

तेव्हापासून मी "मुलं किती" विचारणं सोडलंय. "मुलगे किती, मुली किती, आणि सगळ्यात धाकटं केवढं आहे?" असं विचारते. या तिसऱ्या प्रश्नावर हमखास एखादं बाळ बाहेर येतं. "हां मॅडम, ते लहानगं आहे ना, दोन महिन्यांचं, गावाकडे आहे आईबरोबर."

मोजणीतून लेकरं सुटतात ती अशीच. घर सुटतं म्हणून क्वचित. दारात आलेल्या माणसाला मोठी माणसं सांगायलाच विसरतात म्हणून जास्त. ज्याच्या नावाचा मोबाइल नाही, शाळा नाही, पगार नाही, ते पटकन तोंडावर येत नाही. खोलीत तीन कुटुंबं असली की घरमालक सांगतो, "चार भाडेकरू आहेत," आणि बायका-लेकरं त्या चारांच्या पोटात जातात. लेक बाळंतपणाला माहेरी आली की दोन्ही घरं एकमेकांवर विसंबतात (आमचं घडलं ते हेच). आणि काही घरांत अजून दृष्टीची भीती असते. माझी आजी कुणी "किती नातवंडं?" विचारलं की नेमका आकडा कधी सांगायची नाही. "आहेत देवाच्या दयेने," एवढंच. गालावर तीट लावायची ती बाई, फॉर्मवर कशाला लावेल आकडा?

हे फक्त आपल्याकडेच नाही

तुम्ही म्हणाल, हा आपला गबाळेपणा. तर मुळीच नाही. अमेरिकेच्या जनगणना खात्यानेच जन्म-मृत्यूच्या नोंदींवरून ताळा केला, तेव्हा २०१० मध्ये त्यांची पाच वर्षांच्या आतली ४.६ टक्के मुलं मोजणीतून सुटलेली निघाली. २०२० मध्ये हा आकडा कमी होण्याऐवजी ५.४ टक्क्यांवर गेला. एवढी मुलं तिथे दुसऱ्या कुठल्याच वयोगटात सुटत नाहीत. कारणंही आपल्या ओळखीचीच. आजीकडे राहणारी मुलं, दोन घरांत वाटली गेलेली मुलं, दाटीवाटीची भाड्याची घरं आणि "तान्ह्यांना कशाला मोजायचं" असा समज.

आपल्याकडेही जनगणना झाल्यावर नमुन्याच्या वस्त्यांत पुन्हा जाऊन तपासणी होते. २००१ आणि २०११, दोन्ही वेळा उत्तर एकच आलं. देशात दर हजारी साधारण २३ माणसं सुटली. तान्ही आणि म्हातारी सगळी धरून. आता नुसता हिशेब म्हणून हाच दर आपल्या शहराला लावून बघा. सव्वासतरा लाखांना जवळजवळ चाळीस हजार. २०११ मध्ये अख्ख्या चाकणची लोकसंख्या होती ४१ हजार! म्हणजे एक पूर्ण चाकण सुटलं असं समजा. आणि जिथे माणसं रोज येतात-जातात, खोल्या बदलतात, अशा पट्ट्यात देशाच्या सरासरीपेक्षा चांगलं काम झालं असेल, असं मानायला मला तरी धीर होत नाही.

पण बिघडतं काय?

हा प्रश्न माझ्या नवऱ्याने विचारला. (इंजिनीअर आहे, टॉलरन्समध्ये विचार करतो.) "प्लस-मायनस दोन टक्के, चालतंय की."

चालत नाही, त्याचं कारण सांगते. अंगणवाडी साधारणपणे दर ४०० ते ८०० लोकवस्तीमागे एक, असा हिशेब असतो. लोकवस्ती कुठून येते? जनगणनेतून. रेशनच्या धान्याचा लाभ किती लोकांना द्यायचा हे अन्न सुरक्षा कायद्याखाली ठरलं, ते २०११ च्या आकड्यांवर. ग्रामपंचायती-नगरपालिकांना मिळणारा वित्त आयोगाचा पैसा वाटतानाही लोकसंख्या धरली ती २०११ चीच. कारण २०२१ ची जनगणना कोविडमुळे पुढे गेली आणि जाता जाता गेली ती थेट २०२७ वर.

२००१ मध्ये पिंपरी-चिंचवड साधारण दहा लाखांचं होतं, २०११ मध्ये सव्वासतरा लाखांचं झालं. दहा वर्षांत सत्तर टक्के वाढ! पुढच्या वर्षांत वाकड, रावेत, मोशी, चऱ्होलीला काय झालं ते तुम्ही-आम्ही डोळ्यांनी बघितलंय, कारण तिथले फ्लॅट आपणच घेतलेत. त्या वाढीतलं एकही बाळ जनगणनेच्या आकड्यात नव्हतं. १ मार्च २०११ नंतर जन्मलेल्या प्रत्येक मुलासाठी २०२७ ची जनगणना ही आयुष्यातली पहिलीच. आणि माझ्या लेकीसारखं जे २०११ ला सुटलं असेल, त्याचं तर अख्खं बालपण "नाही" या रकान्यात गेलं.

मोजल्याने काय होतं, याचं एक उदाहरण आपल्याच राज्याचं आहे. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली किती, तर १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात २०११ मध्ये ८०७! एकेका घरात बघितलं असतं तर काहीच दिसलं नसतं. प्रत्येक घर म्हणणार, "आम्हाला मुलगाच झाला, त्यात काय?" पण सगळी लेकरं मोजून ओळीने मांडली तेव्हा कळलं की मुली जन्मालाच येऊ दिल्या जात नाहीयेत. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला होता. तो पुरेसा पडत नाहीये हे दाखवून दिलं ते या आकड्यांनीच.

दुसरं उदाहरण आणखी जड आहे. गडचिरोलीचे डॉ. अभय आणि राणी बंग आणि राज्यातल्या तेरा संस्थांनी मिळून दोन वर्षं गावागावांत आणि काही झोपडपट्ट्यांत बालमृत्यू मोजले. त्याचा अहवाल २००१ मध्ये "कोवळी पानगळ" या नावाने आला. सरकारी नोंदींत दिसत होते त्यापेक्षा कितीतरी जास्त बालमृत्यू प्रत्यक्षात होत होते. गेलेल्या लेकरांची नोंदच होत नव्हती. मग सरकारने डॉ. बंग यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली. जन्माची ओळ भरलेली नसेल तर मृत्यूची ओळ तरी कोण शोधणार?

तेच कुपोषणाचं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांच्या आतली ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी निघाली. तीनात एक! ती नमुना पाहणी होती. पण रोजचं लक्ष ठेवते ती अंगणवाडी ताई. ती दर महिन्याला वजन घेते, उंची घेते आणि २०२१ पासून ते सगळं "पोषण ट्रॅकर" या मोबाइल ॲपवर टाकते. तिच्या वस्तीतली किती टक्के मुलं कमी वजनाची, हे काढताना भागायचं कशाने? तिच्या यादीतल्या मुलांच्या संख्येने. जे लेकरू यादीतच नाही ते ना वर येतं, ना खाली. आणि यादीत नसलेलं लेकरू बहुतेक वेळा तेच असतं, ज्याचं वजन सगळ्यात आधी घ्यायला हवं. कागदावर टक्केवारी छान दिसते आणि साइटवरच्या पत्र्याच्या शेडमधलं बाळ आहे तिथेच राहतं.

आपल्या सोसायटीच्या मागे

या पत्र्याच्या शेड तुम्ही रोज बघता. तुमच्या सोसायटीचा फेज टू चालू असेल तर बाल्कनीतून दिसतात. तिथल्या मुलांसाठी काम करणारे लोक आहेत. मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत बांधकामाच्या जागीच पाळणाघर सुरू केलं, त्याच परंपरेतली "तारा मोबाइल क्रेशेस" पुण्यात काम करते. रजनी परांजपे आणि बीना लष्करी यांच्या "डोअर स्टेप स्कूल"ने तर पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये "एव्हरी चाइल्ड काउंट्स" अशी मोहीमच काढली. साधे नागरिक, त्यात नोकरी करणारेही आले, वह्या घेऊन बांधकामांवर जायचे, शाळेबाहेरची मुलं शोधून त्यांची यादी करायचे आणि शाळेत नाव घालायला मदत करायचे. आधी मोजणी, मग शाळा. क्रम लक्षात घ्या.

मला त्यातली मुख्य गोष्ट ही वाटते की यासाठी समाजसेवक असावं लागत नाही. नीट विचारता यावं लागतं. तुम्ही-आम्ही दिवसभर दुसरं करतो काय?

२०२७ च्या जनगणनेची चर्चा झाली ती बहुतेक जातीच्या रकान्याची. ती होऊ दे. पण यंदा गणना डिजिटल आहे, घरबसल्या स्वतः माहिती भरायचीही सोय आहे आणि संदर्भाची वेळ ठरली आहे १ मार्च २०२७ ची मध्यरात्र. तुमच्या घरी, भावाकडे, मित्राकडे त्याच्या आसपास पाळणा हलणार असेल तर एकच काम करा. दोन्ही घरांनी आधीच फोनवर ठरवा, बाळ कुठे मोजलं जाणार. बाळाची स्वतंत्र ओळ भरली का ते स्वतः बघा, बारसं झालेलं असो-नसो.

जन्मदाखला तर २१ दिवसांत करूनच टाका. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून तोच लागतो. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना विचारा, "मावशी, घरात बाळ धरून किती जण?" नातवंडाचा दाखला काढलाय का, अंगणवाडीत नाव घातलंय का? नसेल तर एक शनिवार सकाळ त्यांच्याबरोबर जा. आणि तुम्ही माझ्यासारखे एचआरमध्ये असाल, तर तुमच्या फॉर्मवरचा "मुलं किती" हा प्रश्न आजच खोडा. तिथे तीन प्रश्न घाला.

आमच्या त्या परभणीच्या दादाच्या फॉर्मवर आता तीन नावं आहेत. धाकटीचं नाव विचारलं तेव्हा त्याने बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "अजून ठेवायचंय, मॅडम." मी लिहिलं, "मुलगी, वय पाच महिने." ओळ भरली. नाव काय, येईल मागाहून.

असो. दुसऱ्या दिवशी सकाळी बस चाकणच्या अलीकडे रखडली असताना ओतूरहून आईचा फोन आला. रात्रभर तिला झोप लागली नव्हती म्हणे.

"अगं, मला आठवलं. मास्तर उंबऱ्यातून बाहेर पडत होते ना, तेव्हा बाळ आत रडायला लागलं. मोठ्याने. ते थांबले होते बघ जरा."

"मग? परत आले?"

"ते नाही आठवत बाई. मी आत धावले ना बाळाकडे."